गिअरची गाडी आणि डावा पाय: एका वॅगन-आरमधल्या बदलांचं प्रकरण

आजरा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवणारे सर. वय पन्नाशीच्या आसपास. मोटारसायकलच्या अपघातानंतर त्यांचा डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. उजवा पाय, दोन्ही हात, नजर, सगळं ठणठणीत. दारात 2013 सालची पेट्रोल वॅगन-आर उभी: 998 सीसीचं इंजीन, पाच गिअर, केबलवर चालणारा क्लच. कर्ज फिटलेलं. अपघाताआधी कित्येक वर्षं तेच ती चालवत होते. शाळा, गडहिंग्लजचा बाजार आणि आंबोली घाट उतरून सावंतवाडीची सासुरवाडी, एवढा त्यांचा संसार त्या गाडीवर चालायचा.

"ऑटोमॅटिक का नाही घेत?" हा प्रश्न त्यांना भेटेल तो विचारायचा, आणि प्रश्न योग्यच आहे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असलं तरी पायांची वाटणी सगळीकडे असते तीच आहे: उजवा पाय ॲक्सिलरेटर आणि ब्रेक सांभाळतो, डावा फक्त क्लच. म्हणजे ज्याचा फक्त डावा पाय गेलाय, त्याला दोन पेडलच्या गाडीत काहीच बदल करावा लागत नाही. 2014 मध्ये क्लच पेडल नसलेली सेलेरिओ एएमटी आली तेव्हापासून अशा गाड्या सामान्य माणसाच्या आवाक्यातही आल्या. नवीन गाडी घेणाऱ्याला मी आजही हेच सांगतो, बदलांच्या भानगडीत पडू नका, ऑटोमॅटिक घ्या. पण सरांचा दवाखान्याचा खर्च नुकताच झाला होता, कृत्रिम पायाचा पुढे होता, आणि जुनी गाडी विकून येणाऱ्या पैशांत नवीन गाडी येत नव्हती. आहे त्याच गाडीचं काय करता येईल, एवढाच प्रश्न घेऊन ते कोल्हापूरला आमच्या गॅरेजवर आले.

ते आले तेव्हा गाडीत एक उपाय आधीच बसवलेला होता. तालुक्याच्या ठिकाणी एका फॅब्रिकेशनवाल्यानं क्लच पेडलच्या दांडीला लोखंडी सळई वेल्डिंग करून ती स्टिअरिंगच्या डाव्या बाजूनं वर आणली होती, टोकाला मूठ. मूठ पुढे ढकलली की क्लच दाबला जायचा, आणि तो दाबलेला राहावा म्हणून बाजूला एक खटका होता. सर गावातल्या सपाट रस्त्यावर त्यावर गाडी चालवत होते आणि त्या माणसाला नावं ठेवत नव्हते. मीही ठेवणार नाही. हाताशी असलेल्या साहित्यात त्यानं विचार करूनच काम केलं होतं.

पण सरांनी सांगितलेलं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं: "मला गाडी शिकायची नाही हो, गाडी येते मला. मला चढावर थांबून परत निघता आलं पाहिजे, मागच्याच्या अंगावर न जाता."

डाव्या हाताचा हिशोब

क्लच दाबणं ही या प्रकरणातली खरी अडचण नव्हती. पाय गेला की त्याचं काम हाताला द्यायचं, हे कुणालाही सुचतं. पण तो हात त्या क्षणी मोकळा आहे का, हे फार कमी लोक तपासतात.

उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत गिअर डाव्या हाताला, हँडब्रेकही डाव्या हाताला. सळईमुळे क्लचही त्याच हाताला आला. आता गिअर बदलायचा म्हणजे सरांना डाव्या हातानं मूठ ढकलायची, खटका लावायचा, हात खाली नेऊन गिअर टाकायचा, हात पुन्हा वर आणून खटका सोडायचा आणि मूठ हळूहळू मागे येऊ द्यायची. तेवढा वेळ गाडी इंजिनापासून सुटलेली. सपाटीवर ते खपून जातं.

चढावर काय होतं बघा. गाडी थांबलेली आहे, उजवा पाय ब्रेकवर. निघायचं तर तो पाय ॲक्सिलरेटरवर न्यायला हवा, म्हणजे तोवर गाडी हँडब्रेकनं धरायला हवी. पहिला गिअर पडलेला आहे. आता क्लच सोडत सोडत तो पकडायला लागला की त्याच क्षणी हँडब्रेक खाली करायचा. ही दोन्ही कामं एकाच वेळची आणि दोन्ही एकाच हाताची. सराव करून ती जमत नाहीत, कारण हात एकच आहे. उजवा हात मदतीला घ्यावा तर स्टिअरिंग मोकळं सुटतं. सर गणिताचे शिक्षक, त्यांना हे कागदावर मांडून दाखवल्यावर ते म्हणाले, "म्हणजे माझा सराव कमी पडत नव्हता." अपघातानंतर पहिल्यांदाच कुणी त्यांना चूक तुमची नाही असं सांगितलं होतं, हे मला नंतर वहिनींकडून कळलं.

सळईत आणखी एक धोका होता. समोरून धडक बसली तर ती मूठ नेमकी पोटाच्या आणि मांडीच्या रेषेत येत होती. ती आम्ही पहिल्याच दिवशी कापून काढली.

वजन मोजल्यावर

दुसरा पर्याय बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो तो स्कूटरसारखा: गिअरच्या दांडीवरच क्लचची मूठ बसवायची, म्हणजे हात न हलवता क्लच आणि गिअर दोन्ही. कल्पना चांगली आहे. आम्ही पेडलला स्प्रिंग काटा लावून बघितला. पेडल पूर्ण दाबायला साधारण 9 किलोचा जोर लागत होता आणि पेडल 13 सेंटिमीटर खाली जात होतं. बोटांनी आवळायच्या मुठीला फार तर 6 सेंटिमीटर हालचाल मिळते. काम तेवढंच करायचं आणि अंतर निम्म्याहून कमी, म्हणजे जोर त्याच प्रमाणात वाढणार: 9 गुणिले 13 भागिले 6, जवळजवळ 20 किलो. केबलचं घर्षण वेगळं. असा जोर बोटांनी एकदा लावता येईल, पण बाजाराच्या दिवशी गडहिंग्लजमधून गाडी काढताना तो पन्नासदा कोण लावणार? आणि थकलेली बोटं क्लच हळूहळू सोडू शकत नाहीत, ती झटकन सोडतात.

म्हणून जोर गाडीकडूनच घ्यायचा ठरलं. पेट्रोल इंजीन चालू असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, निर्वात दाब तयार होतो, ब्रेक दाबायला मदत करणारा बूस्टर त्याच्यावरच चालतो. त्याच दाबावर एक डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, ओढून घेता येतो आणि त्या डायफ्रामला जोडलेली केबल क्लच पेडल खाली ओढते. गिअरच्या मुठीवर एक बटण. बटण दाबलं की विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि क्लच दाबला जातो. सोडलं की एक छोटा कंट्रोलर इंजिनाचे फेरे बघून क्लच बेताबेतानं सोडतो.

ही युक्ती नवी नाही. 1950 च्या दशकातच जर्मनीत फिख्टेल उंड झाक्स कंपनीची 'सॅक्सोमॅट' यंत्रणा या तत्त्वावर निघाली होती, गिअरच्या दांडीला हात लागला की क्लच दाबला जायचा. पुढे पूर्व जर्मनीच्या ट्राबांट गाडीला 'हायकोमॅट' नावाचा स्वयंचलित क्लच मिळू लागला, तो डाव्या पायाची अडचण असलेल्यांना खास उपयोगी पडला. आपल्याकडे या क्षेत्रात आदरानं घ्यावं असं नाव केरळच्या बिजू वर्गीस यांचं. अपघातात दोन्ही पायांची ताकद गेल्यावर त्यांनी हातांनी चालवायच्या गाडीची जोडणी आधी स्वतःसाठी केली आणि मग इतरांच्या गाड्यांना बसवत गेले. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशननं त्यांच्या कामाची दखल घेतली.

आम्ही यंत्र स्वतः घडवायच्या मोहात पडलो नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर काय वाटेल ते बनतं हे खरं, पण नोंदणी अधिकाऱ्यासमोर गाडी उभी करायची तर पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेचा दाखला असलेलं तयार किट घेणं शहाणपणाचं. आमच्या वाट्याला आले ते ब्रॅकेट, पाइपांचे मार्ग, पायाजवळचा पत्रा आणि कंट्रोलरची जुळणी. खरी मेहनत त्यातच गेली.

किटच्या डायफ्रामचा व्यास 10 सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 78 चौरस सेंटिमीटर. इंजीन रेसला नसताना मॅनिफोल्डमध्ये साधारण 0.6 किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब मिळतो, म्हणजे ओढ 47 किलोची. केबल आम्ही पेडलच्या दांडीच्या मध्यावर बांधली. तिथे 18 किलो लागतात आणि साडेसहा सेंटिमीटर ओढावं लागतं. म्हणजे दाब अर्ध्यावर आला तरी क्लच पूर्ण दाबला जातोच.

पण दाब त्याच्याही खाली येतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून घाट चढताना मॅनिफोल्डमध्ये निर्वात दाब जवळजवळ उरत नाही, आणि गिअर खाली आणायची वेळ नेमकी तेव्हाच येते. पाय उचलला की दाब परत येतो, पण त्या क्षणभराच्या भरवशावर घाटात गाडी सोडता येत नाही. त्यासाठी एक साठवण टाकी आणि तिच्या तोंडाशी एका दिशेचा व्हॉल्व्ह असतो. हिशोबाप्रमाणे इंजीन बंद पडलं तरी टाकीतल्या दाबावर क्लच दोनदा पूर्ण दाबला जायला हवा. आम्ही इंजीन बंद करून बघितलं, दोनदा दाबला गेला, तिसऱ्यांदा अर्ध्यावर राहिला.

हे काम करणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट हात जोडून सांगतो. क्लचचा पाइप ब्रेक बूस्टरच्या नळीला मधेच फोडून जोडू नका. तसं करणं सोपं असतं, नळी हाताशीच असते. पण मग क्लचचा डायफ्राम फाटला की ब्रेकची मदतही त्याच्याबरोबर जाते आणि पेडल दगडासारखं कडक होतं. मॅनिफोल्डवरून वेगळी तोटी काढायची आणि दोन्ही रस्त्यांना आपापला व्हॉल्व्ह ठेवायचा.

बिघाड कुठल्या बाजूला झुकतो हेही बघितलं. वायर तुटली, पाइप निघाला, बटण खराब झालं, काहीही झालं तरी क्लच स्प्रिंगनं परत पकडतो, दाबलेला राहत नाही. म्हणजे उतारावर गाडी गिअरमध्येच राहते. थांबताना इंजीन बंद पडेल, पण ब्रेक लागेल. पाइप मुद्दाम काढून सरांना हे करून दाखवलं, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून क्लचशिवाय गिअर न्यूट्रलला कसा आणायचा तेही त्यांच्या हातात बसेपर्यंत करून घेतलं.

बुटाचं टोक

यंत्र चालू झाल्यावर एक विचित्र तक्रार आली. कधी कधी गिअर पडताना कराकरा आवाज यायचा आणि गाडी बटण दाबलेलं असतानाही पुढे सरकायची. कंट्रोलर तपासला, केबल तपासली, सगळं नीट. शेवटी आमचे मिस्त्री पायाजवळ आडवे झाले, हातात बॅटरी घेऊन, आणि सरांना म्हणाले, "सर, जरा बटण दाबा."

पेडल स्वतःच खाली येतं ना, ते येऊन बुटावर टेकत होतं. सरांचा कृत्रिम पाय रस्त्याच्या हादऱ्यांनी इंचाइंचानं पुढे सरकून पेडलच्या खाली गेला होता. त्या पायाला स्पर्श नाही, त्यामुळे सरांना कळायचा मार्गच नव्हता. पेडल अडलं की क्लच पूर्ण दाबला जात नाही. पाय थोडा आणखी उजवीकडे गेला असता तर तो ब्रेकखाली गेला असता, या विचारानं मला आजही कसंतरी होतं.

उपाय साधा पत्र्याचा. क्लच पेडलच्या डावीकडे कृत्रिम पायासाठी तिरपा फूटरेस्ट, टाचेला अडवणारी पट्टी, आणि फूटरेस्ट व पेडलच्या मधे उभा पत्रा, कडा दुमडून गुळगुळीत केलेल्या. पत्रा दोन बोल्टवर, म्हणजे सरांचा मुलगा गाडी चालवायला बसला की तो दोन मिनिटांत काढतो, स्विच बंद करतो आणि नेहमीसारखा पायानं क्लच वापरतो. मूळची तिन्ही पेडलं आम्ही जशीच्या तशी ठेवली ती याचसाठी. घरात गाडी एकच असते. ती फक्त एकाच माणसाला चालवता येईल अशी केली तर घर त्या बदलावर नाराज राहतं, आणि त्या नाराजीचं ओझं शेवटी ज्याचा पाय गेलाय त्याच्यावरच येतं.

पाय काढून ठेवून चालवावं का, यावरही बोललो. काही जण तसं करतात. सरांनी पाय घालूनच चालवायचं ठरवलं, कारण घाटात उतरावं लागलं तर तो घालायला दहा मिनिटं नसतात. फक्त सीट थोडी मागे घ्यावी लागली, बसल्यावर सॉकेटची, म्हणजे कृत्रिम पायाच्या मांडीवर बसणाऱ्या भागाची, कड जांघेत रुतत होती.

वाघबीळचा चढ

जुळणी सपाटीवर केली आणि परीक्षा वाघबीळवरून जोतिबाच्या रस्त्यावर घेतली, तीही रविवारी. त्या दिवशी डोंगरावर गाड्यांची रांग असते, दर काही अंतरावर चढावरच थांबावं लागतं. शेजारच्या सीटवर मी, मागे मिस्त्री, आणि उताराच्या बाजूला लावायला लाकडी ओंडके.

आता क्रम असा झाला होता: थांबताना उजवा पाय ब्रेकवर, डाव्या हातानं बटण दाबून पहिला गिअर, मग बटण सोडून हात थेट हँडब्रेकवर. इंजीन रेस होईपर्यंत कंट्रोलर क्लच पकडू देत नाही, त्यामुळे बटण सोडलं तरी गाडी निघत नाही. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर जातो, फेरे वाढतात, क्लच पकडायला लागतो, गाडीचं नाक किंचित उचललं जातं, आणि डावा हात हँडब्रेक सोडतो. हात मोकळा झाला, म्हणून चढ जमला. मागच्या गाडीवाल्याला काही कळलंही नाही.

पहिल्या जुळणीत क्लच फार सावकाश पकडत होता, जळका वास आला. कंट्रोलरचा वेग वाढवला तर उलट्या गिअरमध्ये धक्के बसू लागले. सरांच्या घराच्या फाटकाशी दगडी चढण आहे आणि गाडी त्यावर मागे घ्यावी लागते. तिथे इंचाइंचानं गाडी सरकवायची कला पायाला असते, यंत्राला नाही. शेवटी मधला वेग धरला आणि सरांनी फाटकाजवळची चढणच गवंड्याकडून थोडी सोपी करून घेतली. तो निर्णय त्यांचा स्वतःचा, आणि मला वाटतं या सगळ्या कामातला सर्वांत योग्य निर्णय तोच. सगळे बदल गाडीतच करायला हवेत असं नाही.

बटणाबद्दल एक सावधगिरी. बऱ्याच चालकांचा हात सवयीनं गिअरच्या मुठीवर विसावलेला असतो. बटण तळहाताखाली असेल तर आंबोली घाट उतरताना ते नकळत दाबलं जाईल, इंजिनाचा रोध जाईल आणि सगळा भार ब्रेकवर येईल. म्हणून बटण मुठीच्या पुढच्या अंगाला, दोन बोटांनी ओढल्याशिवाय न चालणारं घेतलं.

कागद

यात लोक सर्वांत जास्त अडतात आणि कंटाळून बिनकागदाची गाडी चालवतात. तसं करू नका. अपघात झाला तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न तोच असतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. त्यानंतर काही कार्यालयांत दिव्यांगांच्या बदलांकडेही त्याच नजरेनं बघितलं जाऊ लागलं. पण त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कायद्यात मार्ग ठेवलाय: स्वतःच्या मालकीची गाडी दिव्यांगासाठी रूपांतरित करता येते, नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी घेऊन. अर्ज करताना या तरतुदीचा उल्लेख करा. नुसतं 'गाडीत बदल' असं लिहिलेला अर्ज बाजूला पडतो.

सरांनी आधी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र घेतलं. मग किटचा दाखला, बसवणाऱ्याचं पत्र आणि बदलाचे फोटो जोडून आरटीओत अर्ज दिला, गाडीची तपासणी झाली, नोंदणी पुस्तकात बदलाची नोंद आली. जुना परवाना खिशात आहे म्हणून भागत नाही. कलम 16 नुसार दिव्यांगत्वामुळे चालक अक्षम वाटला तर परवाना रद्द होऊ शकतो, त्यामुळे नव्या अवस्थेत, याच गाडीवर चाचणी देऊन परवान्यावर तशी नोंद करून घेणं सुरक्षित. कलम 8 मध्ये रूपांतरित वाहनापुरता परवाना देण्याची सोय आहे. विमा कंपनीला नोंदणी पुस्तकाची प्रत पाठवली. अशा गाड्यांच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सवलत असते, पण ती नोंद असेल तरच.

खर्च नव्या गाडीच्या डाउन पेमेंटएवढाही आला नाही. डायफ्रामचं रबर आणि पाइप दर पावसाळ्याआधी बघायचे, टाकीतलं पाणी काढायचं, आणि सर्व्हिसिंगला गाडी टाकताना स्टिअरिंगला चिठ्ठी बांधायची, नाहीतर गाडी धुणारा पोरगा बटण दाबतो आणि पेडल आपोआप खाली जाताना बघून घाबरतो. सर आता शाळेला स्वतः जातात. सावंतवाडीलाही गेले, मात्र धुक्याच्या दिवसांत घाटात उतरायचं नाही, हे त्यांनी आणि वहिनींनी मिळून ठरवलंय.

हे वाचून कुणी उजव्या पायाच्या अडचणीसाठी हेच किट मागेल तर ते पुरणार नाही. तिथे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर उजव्या हाताच्या दांड्यावर आणावे लागतात किंवा डाव्या पायाकडे वळवावे लागतात. मग स्टिअरिंग एका हातावर येतं, त्याला फिरवायची मूठ लागते, आणि हातांचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. तशा माणसाला गिअरची गाडी मी सुचवत नाही.